पायांवरची ओळख

माझ्या मुलीने वयाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या हेडमास्तरांच्या पायांवर शू केली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. हेडमास्तरांचा त्यात काही दोष नव्हता. मुलीचाही नव्हता. तिला जसं शिकवलं तसं तिने केलं, आणि शिकवलं मी. मी हायस्कुलात भूगोल शिकवत असे. मुलं नापास झाली की दोष मुलांचा, अशी आमच्याकडे जुनी रीत. ही एकच विद्यार्थिनी अशी निघाली, की ती पास झाली आणि दोष मास्तरांना लागला!

तेव्हा आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. लढाई चालू होती, रॉकेल आणि साखर चिठ्ठीवर मिळत होती, आणि माझी बायको कमल माहेरी, माधवनगरला, अंथरुणाला खिळली होती. तिच्या हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. सांगलीचे डॉक्टर तपासून म्हणाले, "हृदय मोठं झालंय." माझे सासरे तिथल्या कापडगिरणीत मास्तर (माझ्यासारखे नव्हेत, मागांवरचे मास्तर, म्हणजे ज्यांच्या हाताखालून खरोखर काहीतरी तयार होऊन बाहेर पडतं असे). ते म्हणाले, "मोठ्या मनाची ती लहानपणापासूनच आहे, डॉक्टर. त्यावर औषध कशाला?" एवढा विनोद करून ते बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसून राहिले.

डॉक्टरांनी नियम घालून दिले. जिना चढायचा नाही. बादली उचलायची नाही. मूल तर मुळीच उचलायचं नाही. आणि खाली जमिनीवर बसून परत उठायचं नाही. त्या एका उठण्यात हृदयावर फार ताण पडतो.

यमी तेव्हा नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. औंधच्या यमाईला बोललेल्या नवसाची, म्हणून नाव यमुना, म्हणून यमी. आई समोर दिसली की ही कडेवर चढणार आणि कमल तिला उचलणार, हे काही सांगायला डॉक्टर नको होता. तेव्हा यमीला साताऱ्यातच ठेवायचं ठरलं. माझ्याकडे आणि माझ्या आत्याकडे. आत्याचे गुडघे धरलेले. ती एकदा खाली बसली की उठवायला दोन माणसं लागत, आणि घरात माणूस एकच होता. तोही भूगोलाचा.

दिवाळीत मी एकटाच माधवनगरला जाऊन आलो. कमल उशीला टेकून बसली होती. यमीला किती दात आले, ती झोपताना काय धरून झोपते, सगळं विचारून झालं. मग तिने हलकेच विचारलं,

"अहो, मला ओळखेल का हो ती?"

"कोण?"

"कोण काय! यमी."

"आईला ओळखणार नाही? काहीतरीच बोलतेस!" मी म्हणालो. वर्गात उत्तर येत नसलं की मी याच ठणठणीत आवाजात बोलत असे. खरी गोष्ट अशी होती, की यमी तेव्हा मला 'बाबा' म्हणायची, आत्याला 'बाबा' म्हणायची आणि शेजारच्या म्हशीलाही 'बाबा'च म्हणायची. 'आई' हा शब्द तिच्यापाशी नव्हताच. तो जिच्यासाठी वापरायचा, असं कुणी घरात नव्हतं.

निघताना मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, मुलीला भेटायला आणू का? ते म्हणाले, "आणा की. पण तिचं काहीएक करायला हिने उठायचं नाही. मूल ओलं झालं की आई उठते. कितीही सांगा, उठतेच. तेव्हा तुमची मुलगी जरा सांगायला-सवरायला लागली, की घेऊन या."

झालं! यमीच्या आईच्या भेटीआड आता एकच गोष्ट उभी होती, आणि ती गोष्ट आमच्या घरात दिवसाकाठी दहादा जमिनीवरून वाहत होती.

आपल्याकडे याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. बाई मोरीपाशी पाटावर बसते, दोन्ही पाय जुळवून पुढे घेते, मुलाला त्या पायांवर बसवते आणि 'शूऽऽ' म्हणते. कमलही यमीला असंच बसवायची. ती माहेरी गेल्यावर ते राहून गेलं, कारण आत्याला बसता येत नव्हतं आणि मी पुरुष होतो.

"मी बसवतो तिला पायांवर," मी आत्याला सांगितलं.

आत्याने हातातली पळी खाली ठेवली. "अरे दत्तू, बाप्याच्या पायांवर कधी मूल बसतं का? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मास्तराला नोकरीवरनं काढला म्हणतील!"

पण माझ्या मदतीला एक माणूस धावून आला. आमच्या शेजारी एक हवालदार होता. दंडात गोळी लागून पलटणीतून रजेवर आलेला. घरात त्याला काम नव्हतं आणि गप्प बसण्याची सवय नव्हती. परसात माझी तयारी पाहून तो कुंपणावरून डोकावला.

"आवं मास्तर, हे काय चाललंय?"

मी सांगितलं.

"आसं व्हय! मग ही परेडच की! आवं, आमच्याकडं लय येडे रिक्रूट येत्यात. डावा-उजवा पाय कळत न्हाई. पर टायम म्हंजे टायम! रोज येकाच टायमाला, येकाच जागी उभा करायचा. म्हैन्यात लायनीवर येतंय बघा."

"ही मुलगी आहे, हवालदार. आणि दीड वर्षाची आहे."

"मग अजून सोपं. ही उलटून बोलायची न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे परेड सुरू झाली. मी पाटावर बसायचो, पाय जुळवायचो, त्यावर झोपाळलेली यमी, कुंपणापलीकडे मनगटावरचं घड्याळ बघत हवालदार, आणि माझं अखंड 'शूऽऽ'! इतकं 'शूऽऽ' मी केलं, की परसातलं मांजर पळालं, शेजारच्या दोन पोरांचं काम होऊन गेलं, पण यमी कोरडी ठणठणीत. ती मान वर करून माझ्याकडे बघायची आणि गोड हसून म्हणायची, "शूऽऽ." जणू मीच शिकाऊ होतो! माझ्या पायांना मुंग्या यायच्या, मग पाय बधिर व्हायचे, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेनासं व्हायचं. शेवटी मी तिला उचलून घरात न्यायचो, आणि ताज्या सारवलेल्या जमिनीवर पाऊल ठेवताच ती मोकळी व्हायची.

"झालं का?" बाहेरून हवालदार ओरडायचा.

"झालं! पण घरात!"

"लय टग्या रिक्रूट हाय, मास्तर! उद्याच्याला परत!"

रोज शाळेत उशीर होऊ लागला. वर्गात फळ्यावर कृष्णा-कोयनेचा संगम काढताना माझं मन दुसऱ्याच प्रवाहात असायचं. एकदा तर नकाशा अर्धवट टाकून मी वर्गात 'शूऽऽ' केलं. मुलांना वाटलं, मास्तरांना शांतता हवी आहे. वर्ग चिडीचूप झाला. माझ्या साऱ्या नोकरीत तेवढा एकच तास मुलांनी माझं ऐकलं!

आणि एका सकाळी ते घडलं. थंडी मी म्हणत होती. पायांवर आधी यमीचं ओझं होतं, मग एकाएकी ऊब आली. मी खाली पाहिलं. माझा विश्वास बसेना. "हवालदार!" मी ओरडलो, "झाली! झाली!"

हवालदार कुंपणावरून उडी मारून आत आला आणि दुखऱ्या हाताने त्याने यमीला खाडकन सलाम ठोकला. आत्याने दारातूनच तिची अलाबला घेतली. त्या आठवड्याच्या रेशनची साखर मी गल्लीत वाटली. समोरचे वकील म्हणाले, "काय मास्तर, बढती मिळाली?"

"मला नाही," मी म्हटलं, "यमीला!"

इथे मी थांबून नीट पाहिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. मुलं शिकतात, यात शंका नाही. पण आपण शिकवतो तेच शिकतात, हा मास्तर लोकांचा भ्रम आहे. मला वाटलं, यमी सांगायला शिकली. यमी शिकली होती ते वेगळंच. दोन पाय शेजारी शेजारी जुळलेले दिसले, की ती आपली जागा. जाऊन बसायचं आणि मोकळं व्हायचं. पाय कुणाचे, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हताच!

पहिला मान हवालदाराचा. त्याची रजा संपली. पलटणीत परत जायच्या दिवशी तो पुरा गणवेश करून निरोप घ्यायला आला आणि आमच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळू लागला. बूट असे चकाकत होते, की त्यात बघून दाढी करावी! पाय जुळलेले. यमी आतून डुलत डुलत आली, वळली, पाठ टेकली आणि बसली.

"आरं, आरं! मास्तर, हे बघा की! निरोप द्याय आलीया..." आणि नाडी त्याच्या हातातून सुटली.

मी शरमेने मेलो. फडकं आणायला धावलो. हवालदाराने मला थांबवलं. तो डाव्या बुटाकडे बघत होता. त्यावरच जास्त सांडलं होतं. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. ह्या बुटानी दोन वर्सं वाळवंट बघितलंय. पाणी आज बघत्यात!" आणि तसाच, न पुसता, एक पाऊल ओलं उमटवत तो गल्लीतून गेला.

दुसरा मान हेडमास्तरांचा. माझ्या उशिरा येण्याबद्दल बोलायला ते स्वतः घरी आले. शाळेत सगळ्यांसमोर बोलणं त्यांना बरं वाटलं नसावं. माणूस सभ्य होता. जोडे काढून ते खुर्चीवर बसले. स्वच्छ धुवट धोतर, खाली गोरेपान पाय, एकाला एक लावून ठेवलेले. आत्याने चहा दिला. त्यांनी सुरुवात केली.

"तुमच्या घरची अडचण मला ठाऊक आहे, मास्तर. पण वक्तशीरपणा हा..."

त्यांच्या मागच्या दारातून यमी आत आली. तिने खोलीवरून नजर फिरवली. ती नजर कुठे थांबली ते मी पाहिलं. मी ओरडू शकलो असतो. पण साहेब बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ही शिस्त माझ्या हाडीमाशी खिळलेली!

"...वक्तशीरपणा हा गुण असा आहे, की तो लहानपणीच अंगी बाणवावा लागतो. ठरल्या वेळी ठरलेलं काम..."

आणि ठरल्या वेळी ठरलेलं काम झालं. हेडमास्तरांनी वाक्य पुरं केलं नाही. ते पायांकडे बघत राहिले, यमी वर त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती प्रेमाने म्हणाली, "बाबा."

त्यानंतर माझ्या उशिरा येण्याचा विषय शाळेत कुणीही काढला नाही.

आता हे शिक्षण पुसून नवं शिक्षण द्यायला हवं होतं. मी त्याच विचारात होतो, तेवढ्यात सासऱ्यांचा निरोप आला. कमलला धाप वाढली आहे, पायांवर सूज चढली आहे. यमीला घेऊन लवकर या. होळी जवळ आली होती. मी रजा टाकली (हेडमास्तरांनी ती ताबडतोब, हात लांब करून, मंजूर केली) आणि मोटारीने कोरेगाव गाठून आम्ही बापलेक आगगाडीत बसलो.

डब्यात मी यमीला मांडीवर घट्ट धरून बसलो होतो आणि समोरच्या बाकाखालच्या सगळ्या पायांवर नजर ठेवून होतो. कुणी पाय जुळवले, की मी यमीला आणखी आवळून धरायचो. कराडला एक वयस्कर जैन व्यापारी चढले. सांगलीला निघालेले, पांढरी टोपी, कानांत भिकबाळीसारखे मोती, मुद्रा मोठी प्रसन्न. त्यांनी वहाणा काढून पाय एकमेकांना लावून ठेवले आणि यमीकडे बघून चुटकी वाजवली. मी खिडकीतून नदी दाखवायला एका हाताने बोट केलं, तेवढ्यात यमी निसटली.

"शेटजी, पाय! पाय वर घ्या!" मी ओरडलो.

"का हो?" असं विचारेपर्यंत उशीर झाला होता.

मी त्यांच्या पायांशी वाकून माफी मागू लागलो. त्यांनी पाय हलवलेसुद्धा नाहीत. "होऊ दे, होऊ दे. मधेच उठवू नका, पोराला त्रास होतो. आमच्या घरात सात नातवंडं हाईत. माझे पाय वाळलेत कधी!" मग त्यांनीच आपल्या तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं आणि विचारलं, "आई कुठाय हिची?"

मी सांगितलं. त्यांनी यमीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "जावा, जावा बिगीनं. लेकरू आईच्या पायाजवळ गेलं म्हंजे समदं ठीक हुतंय."

माधवनगरला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. घरात कमलची खाट पुढच्या खोलीत दाराशी आणून ठेवली होती, आम्ही येताना दिसावं म्हणून. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि केसांत फूल घातलं होतं. चेहरा मात्र असा उतरला होता, की माझंच पाऊल दारात अडखळलं. तिने दोन्ही हात पुढे केले.

"यमे! ये बाळ. ये माझ्याकडे."

यमीने तिच्याकडे पाहिलं, माझ्या मानेला मिठी मारली आणि किंचाळली. असं किंचाळली, की शेजारच्या बायका दारात आल्या.

"प्रवासाने दमलीय," मी म्हणालो.

"नवीन जागा आहे," सासूबाई म्हणाल्या.

कमलने उशीखालून एक बाहुली काढली. गिरणीतल्या चिंध्यांची, तिने स्वतः पडल्या पडल्या शिवलेली. यमीने ती लांबूनच हिसकावली आणि परत माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. गूळ-शेंगदाणे दाखवून झाले, बांगड्या वाजवून झाल्या. संध्याकाळपर्यंत यमी सासऱ्यांच्या कडेवर गेली, सासूबाईंच्या पदराशी खेळली, मांजराला 'बाबा' म्हणाली. फक्त त्या खाटेजवळ जायचं म्हटलं की ती रडायची. औषधांचा वास असेल. सुजलेला चेहरा असेल. कोण सांगणार?

दिवे लागल्यावर कमल मला म्हणाली, "उद्या घेऊन जा तिला परत."

"अगं, एक-दोन दिवसांत..."

"नको हो. उगाच रडवू नका तिला. मी परकी आहे तिला, त्यात तिचा काय दोष?"

मी भिंतीकडे बघत बसलो. दिवाळीत त्या ठणठणीत आवाजात उत्तर देणारा मास्तर आता कुठे गेला होता कोण जाणे!

सकाळी मी आडावर पाणी शेंदत होतो. सासूबाई आत चहाचं बघत होत्या. कमलचे पाय रात्रभर गार पडले होते. परसातलं कोवळं ऊन बघून ती कुणाला न सांगता उठली, भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी आली आणि खाली पायरीजवळ जमिनीवर बसली. तिने पाय उन्हात पुढे घेतले. दोन्ही पाय शेजारी शेजारी. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं, तिला फक्त ऊब हवी होती.

यमी परसात कोंबड्यांमागे होती. ती थांबली. तिने ते पाय पाहिले. पोहरा माझ्या हातातच राहिला. ती डुलत डुलत आली, वळली, पाठ टेकली आणि आईच्या पायांवर बसली. सूज आल्यामुळे ते पाय माझ्या हाडकुळ्या पायांपेक्षा रुंद आणि मऊ झाले होते. ती अगदी ऐसपैस बसली. कमलच्या तोंडून आपोआप, जुन्या सवयीने निघालं, "शूऽऽ..."

आणि यमीने आपला धडा बिनचूक म्हणून दाखवला.

"अहो!" कमल ओरडली. "अहो, इकडे या! आई, बघ ना! ओळखलं! हिने मला ओळखलं हो!"

तिचं नवं लुगडं भिजलं होतं, श्वास पुरत नव्हता, आणि ती हसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची तशी. यमीचं डोकं तिने गुडघ्यांशी दाबून धरलं होतं आणि यमी रडत नव्हती. सासूबाई दारात पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लेकरू आईला विसरतंय होय! पाय ओळखले गं पोरीने!"

मी पोहरा घेऊन उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोर कमल नव्हती. चकचकीत बूट होते, धुवट धोतर होतं, शेटजींचे पाय होते.

"बघितलंत?" कमल मला म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता ना!"

"मग!" मी म्हटलं. "आईला ओळखणार नाही?"

पुढचं मला विनोदी करून सांगता येत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानंतर कमलने रोज सकाळी यमीला पायांवर बसवायचं ठरवलं. डॉक्टर रागावले, सासरे रागावले. खाली बसायचं नाही, उठायचं नाही! पण ती म्हणायची, "तिला माझेच पाय लागतात हो." मी एक वाक्य बोललो असतो तरी ती खाटेवर पडून राहिली असती. 'अगं, तिला कुणाचेही पाय चालतात.' एवढंच वाक्य. ते रोज सकाळी माझ्या ओठांवर यायचं, आणि रोज सकाळी मी तिला दंडाला धरून खाली बसवायचो, आणि झाल्यावर उठवायचो. उठताना तिला लागणारी धाप माझ्या खांद्यावर ऐकू यायची.

पाडवा झाला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. बसण्या-उठण्याने काही फरक पडला नाही, पडून राहिली असती तरी हेच होतं, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. डॉक्टरही सभ्य होते. माझ्या आयुष्यात सभ्य माणसं फार भेटली.

लढाई संपल्यावर हवालदार परत आला. कुबडी घेऊन. उजवा पाय तिकडेच राहिला होता. तो हसला आणि उरलेला पाय पुढे करून यमीला दाखवला. "वळिखलास का, रिक्रूट? तू भिजवलावतास त्यो ह्यो. त्यवढाच वाचला बघा, मास्तर. दोन्ही सारखे भिजले असते तर!"

यमी मोठी झाली. आजोळी गेली की सासूबाई तिला ती गोष्ट सांगायच्या; परसातली ती जागासुद्धा दाखवायच्या. परत आली की ती मला विचारायची, "बाबा, खरंच मी ओळखलं होतं आईला?" तोवर 'बाबा' हा शब्द तिने फक्त माझ्यासाठी राखून ठेवला होता. मी म्हणायचो, "हो. लगेच." हेडमास्तरांची गोष्ट मी तिला सांगितली, शेटजींचीही सांगितली, ती पोट धरधरून हसली. पण त्या आधीच्या आणि ही नंतरची, असं मी कधी सांगितलं नाही. तिने कधी जोडून पाहिलं नाही. की पाहिलं असेल? भूगोलाच्या मास्तराची मुलगी. नकाशा वाचता येत नाही, असं कसं म्हणावं?

यंदा ती तिच्या मुलाला घेऊन साताऱ्याला आली आहे. पोरगा दीड वर्षाचा. यमी त्याला रोज मोरीपाशी पायांवर बसवते, तसंच 'शूऽऽ' म्हणते. मी काही सुचवत नाही. या विषयातला माझा अनुभव दांडगा असला, तरी तो सांगण्यासारखा नाही.

काल संध्याकाळी मी परसात पाटावर बसलो होतो. अलीकडे पाय दुखतात, म्हणून दोन्ही जुळवून पुढे घेतले होते. नातू आला, थांबला, वळला आणि पाठ टेकून बसला. थोड्या वेळाने पायांवर ऊब आली.

"बाबा!" यमी दारातून टाळी वाजवून ओरडली. "ओळखलं बरं का तुम्हाला!"

सकाळीच त्याने दूधवाल्याला ओळखलं होतं, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. पण माझे डोळे असे भरून आले, की नातवाने जे वर्षभरात शिकायचं ते पाणी आवरणं या वयात मलाही जमत नाही, हे साऱ्या गल्लीला दिसलं.

"हो गं," मी म्हटलं. "लगेच ओळखलं."